मूठभर मीठ

(इस्तंबूल. राजवाड्याचा जनाना, दुपारची वेळ. सुलतानांची धाकटी बेगम नेवरेस आणि जनान्याचा खोजा याकूत आगा.)

नेवरेस : आणि कालची खीर? ती आवडली का?

याकूत : आवडली म्हणजे? वाटी चाटूनपुसून साफ केली हुजुरांनी! म्हणाले, नेवरेसच्या हाताला चव आहे. आता शहजाद्याला नवा अंगरखा घाला बघू, बाईसाहेब. वडिलांनी बोलावलंय.

नेवरेस : नऊ दिवस अंथरुणावर आहेत. मला भेटायची बंदी, आणि सहा वर्षांच्या इलियासला बोलावणं?

याकूत : बापाचा जीव असतो हो लेकरावर.

नेवरेस : आगा, त्या खिरीत मी मूठभर मीठ घातलं होतं.

याकूत : तो नवा अंगरखा... कुठं ठेवलाय तो?

नेवरेस : का? मघाशी तर जीभ चुरुचुरु चालत होती.

याकूत : आजारात तोंडाची चव जाते.

नेवरेस : मला शेंड्या लावू नका. गेले ना ते?

याकूत : हळू! दाराशी ती नवी दासी उभी आहे... हं, गेली एकदाची. हो बाईसाहेब. पाच दिवस झाले. बर्फात ठेवलंय. थोरले शहजादे मनिसाच्या सुभ्यावरून येईपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही, अशी ताकीद आहे.

नेवरेस : पाच दिवस! आणि मी रोज न्हाऊनमाखून त्यांच्या निरोपाची वाट बघतेय. थोरला गादीवर बसला की धाकट्या भावांच्या गळ्याला रेशमी दोरीचा फास, रीतच आहे तुमची. म्हणून आलात होय माझ्या पोराला न्यायला?

याकूत : न्यायलाच आलोय, पण पळवायला. खाली धक्क्यावर राशेल थांबलीय, तुमची कापडवाली. गाठोड्यात घालून होडीतून पलीकडे नेईल ती त्याला. त्या दासीसमोर हे कसं सांगणार होतो?

नेवरेस : माझ्या स्वैपाकिणीसुद्धा फितूर झाल्यात. तुमच्यावर विश्वास का ठेवू?

याकूत : नका ठेवू. पण माझंच बोट धरून पहिलं पाऊल टाकलं त्यानं. कापला गेलो तरी चालेल मला. उठवा त्याला, वेळ नाही.

नेवरेस : आगा, रागावू नका. सगळ्यात जास्त संशय मला तुमचाच होता. म्हणून तर त्याला सकाळीच इथून हलवलं.

याकूत : कुठे?

नेवरेस : सासूबाईंच्या महालात. सख्खी आजी आहे, तिच्या दारात शिरायची कुणाची छाती आहे? जा, घेऊन या त्याला.

याकूत : बाईसाहेब, त्या फासाच्या हुकुमावर मोहोर तुमच्या सासूबाईंचीच आहे.