चौथा गुच्छ

...आणि वर पुन्हा फुलांचा गुच्छ! आता तुम्हीच सांगा, माणसानं निवृत्त तरी किती वेळा व्हायचं? मी नागुमो, जपानातल्या त्सुबामे गावचा, वयाच्या अठराव्या वर्षापासून एकाच कारखान्यात चमच्यांना... हसू नका, जेवायच्या चमच्यांना पॉलिश करतोय! साठीला पहिला गुच्छ मिळाला, भाषणं झाली, मी रडलो, बायको रडली, आणि सोमवारी सकाळी मी परत त्याच पॉलिशच्या चाकापुढे उभा! का? तर आता 'कंत्राटी'. चाक तेच, काम तेच, पगार तेवढा निम्मा! पासष्टीला दुसरा गुच्छ, सत्तरीला तिसरा... तेव्हा तर मी रडायचंच विसरलो, बायकोनं, किकुएनं, कोपरानं ढोसलं, "अहो, निदान डोळे तरी पुसा!"

आणि टीव्हीवरचे ते तज्ज्ञ! एक ओरडतो, "म्हाताऱ्यांनी खुर्च्या अडवल्यात, तरुणांनी बढती कधी घ्यायची?" अरे, कसली खुर्ची? मी आठ तास उभा असतो! तेवढ्यात शेजारचा म्हणतो, "म्हातारे घरी बसले तर कारखान्यांना टाळं लागेल!" एकदा काय ते ठरवा ना बाबांनो! माणसानं निवृत्त तरी किती वेळा व्हायचं?

तर यंदा त्र्याहत्तरावं लागलं आणि मी खरोखर सुटलो. चौथा गुच्छ! आमचा मॅनेजर इगाराशी, ज्याला चमचा धरायला मी शिकवलं, तो कमरेत वाकून म्हणाला, "नागुमोसान, आता आराम करा." केला की! सात दिवस! घरातली सगळी भांडी घासून काढली, शेवटी किकुए कडाडली, "ठेवा ती कढई, भोक पडेल तिला!"

आठव्या दिवशी इगाराशी दारात. चेहरा हा एवढासा! म्हणे, हॉटेलवाल्यांनी सगळा माल परत पाठवला, चमच्यांवर रेघाच रेघा. "पॉलिश बंद पडलं तर अकरा माणसं घरी बसतील, नागुमोसान..."

तुम्हाला सांगतो, मी बूट घालायला उठलोच. पण मीही कच्चा नाही! म्हटलं, "येतो. पण शिकवायला माणूस दे. आणि पगार पूर्ण."

"पू... पूर्ण?"

"बोटं पूर्ण आहेत ना माझी? मोज!"

मुकाट्यानं कबूल झाला! आणि महिन्याभरात, एक चमचा परत आला असेल तर नाव बदलीन. अकराच्या अकरा जण कामावर! पण माणसानं निवृत्त तरी किती वेळा व्हायचं? शिकायला कुणी येईना, पोरं सगळी तोक्योला! चार महिने जाहिरात लटकली, आणि परवा इगाराशी धावत आला, "मिळाला! नव्या दमाचा गडी!"

गड्यानं वाकून नमस्कार केला. "मी सेकीने. बँकेतून निवृत्त. वय अडुसष्ट. सांभाळून घ्या, गुरुजी!"

अडुसष्ट! हात मात्र स्थिर हं त्याचा, खोटं कशाला बोलू. मी बजावलं, "हात बसायला दहा वर्षं लागतात." तर वहीत टिपून घेतलं आणि म्हणतो कसा, "चालेल. मला घाई नाही!"

म्हणजे माझी सुटका त्र्याऐंशीला! घाबरत घाबरत किकुएला सांगितलं, तर ती हसतच सुटली. "बरं झालं बाई! मीही उद्यापासून पाळणाघरात लागतेय कामाला!"

...आता सांगा, सुटून घरी यायचं तरी कुणाकडे?