उजव्या कोपऱ्यातला बर्फ

— आणि बावीस वर्षांत, पोरी, पोर्टलॉरीच्या या फुटबॉलच्या मैदानावर डॉड गेडिसला चकवून कडेनं पळणारा एकही विंगर पुढं गेला नाही! एकसुद्धा! म्हणजे — गेले. तसे पुष्कळ गेले. काही तर गेले, परत आले, मला हात करून पुन्हा गेले. पण मी त्यांच्या मागं पळालो की नाही? पळालो! पोचलो का? ते सोड. चारशे बारा सामने, दोन गोल — दोन्ही आपल्याच जाळ्यात, आणि दोन्ही असले देखणे, की आमच्या गोलकीपरनं टाळ्या वाजवल्या. हसलीस? नाही हसलीस. बरं. रेफ्रीला हसायचं तर आधी वरून लेखी परवानगी लागत असेल.

चहा घे. घे गं, लाच नाही, चहाच आहे — लाच द्यायची असती तर साखर घातली असती. नको? राहिलं. आमचा नेहमीचा रेफ्री मॅकफी असता तर एव्हाना तीन कप झाले असते, आणि सामनाही पुढं ढकलून झाला असता. मॅकफी मैदान बघायचं म्हणजे खिडकीतून बघतो, नि खिडकीला वाफ धरलेली असते. तो नेमका आजच तापानं पडलाय. आणि पाठवलं कुणाला, तर तुला — साडेदहाला ये म्हटलं तर दहाला हजर, बूटबीट घालून! आणि आल्या आल्या सगळं मैदान सोडून थेट या उजव्या कोपऱ्यात. का गं? माणूस आधी गोलपाशी जातो, मग मध्ये जातो. तू नाकासमोर चालत इथं. बर्फाचा वास येतो का तुला? — बरं बरं, तू बघ. टाचेनं टोच. लागतंय ना? दगड आहे, दगड! यावर माणसं पळवायची म्हणजे मासळीबाजाराच्या ओल्या फरशीवर लग्नाची वरात नाचवायची. मी म्हणतो, एवढं बघितलंस ते पुरे. पुढं ढकल नि घरी जा.

का म्हणजे? तुझ्या काळजीनं. — बरं, माझ्याही. खरं सांगतो, खोटं जुळवायला आता वेळ कुठाय. आमचा गोलकीपर इनिस समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला गेलेला, तिथंच अडकलाय. तिकडं धुकं, हेलिकॉप्टर उडत नाही, पोरगं मंगळवारशिवाय येत नाही. मग आज गोलात कोण? मेल्डरम खाटीक. वय सेहेचाळीस. गोलात उभा राहिला की अर्धा गोल झाकतो, ते खरं — उरलेला अर्धा कोण झाकणार, त्याची बायको? एकदा खाली झेपावला की त्याला उभं करायला दोन माणसं आत पाठवावी लागतात, आणि रेफ्री ती बदली खेळाडूंत मोजतो. बुधवारी खेळवलंस तर इनिस असेल. आज खेळवलंस तर आम्ही हरलो. आणि आज हरलो तर... गुरुवारी चेअरमन क्रॉम्बी आला होता, टोपी न काढता. टोपी काढत नाही तो माझ्यासमोर, एकदा मी तिच्यात सुकट भरली होती तेव्हापासून. म्हणाला, डॉड, शनिवारी हरलास तर चाव्या दे. कोचाची जागा सोड म्हणाला नाही, लक्षात घे — चाव्या दे म्हणाला.

तुला कळणार नाही ते. मला या क्लबनं चार वेळा काढलंय, पोरी. दोनदा पत्र देऊन, एकदा फोनवर, एकदा तर पेपरात वाचलं, तळलेला मासा त्यात बांधून आणला होता तेव्हा. पण चारही वेळा चाव्या माझ्याकडंच राहिल्या, कारण बुटांच्या खोलीमागचा तो बॉयलर माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही. दोन लाथा खाली, एक वर, मग शिवी. पोरांना अंघोळीला गरम पाणी हवं, म्हणून मला बोलवावंच लागायचं, आणि आत आलोच आहे तर संघही घे म्हणायचे. असा मी कोच झालो! या वेळी क्रॉम्बीनं काय केलं ठाऊक आहे? नवा बॉयलर आणला. बटण दाबलं की पाणी. त्या दिवशीच मला कळलं. इशबेल — माझी बायको — गेल्यापासून मी घरी फक्त झोपायला जातो, आणि झोप येत नाही, म्हणजे कशाला जातो ते मलाही सांगता यायचं नाही. बाकी सगळा वेळ इथं. आता इथलं गेलं की — जाऊ दे. थंडीनं डोळ्यांत पाणी येतं माझ्या.

आणि माझ्यासाठी नको ढकलू, जिवासाठी ढकल. याच कोपऱ्यात, तू उभी आहेस ना, अगदी तिथंच, एका पोराचा गुडघा गेला. सदतीस वर्षं झाली. नॉरी बुकन. आमचाच विंगर, एकोणीस वर्षांचा, असा पळायचा की त्याची सावली मागं राहून धापा टाकायची. त्या शनिवारी इंग्लंडच्या मोठ्या क्लबचा माणूस त्याला बघायला आलेला, तपकिरी कोट घालून स्टँडमध्ये. पंधराव्या मिनिटाला नॉरी इथून आत वळला नि पाय सटकला. बस्स. मी पार तिकडच्या टोकाला, तरी मला आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. तपकिरी कोट मध्यंतरालाच निघून गेला. तर सांगायचं काय, थंडीवर विश्वास ठेवायचा नाही. त्या दिवशीही बाकी मैदान लोण्यासारखं मऊ होतं, फक्त इथं एवढाच एक बादलीभर —

बादलीभर म्हणजे बोलायची रीत गं. माप काहीतरी सांगावं लागतं, कुणी टोपलीभर म्हणतं, कुणी बादलीभर. तिकडं काय बघतेस? ती शेडपाशी ठेवलेली? ती बादली तिथंच असते. तिच्या तळाशी बर्फ आहे, कारण आत पाणी होतं. पाणी होतं, कारण — बादली आहे ती, पोरी, बादलीत काय असणार, दारू?

अशी नको बघूस. मॅकफी असा बघत नाही.

बरं. गंमत होती. ऐकतेस? गंमत! मी या गावात कुणाला सोडलेलं नाही — पाद्रीबाबाच्या घंटेला बांगडा बांधला, आमच्या कप्तानाचे बूट बाकाला खिळ्यांनी ठोकले, तो आत पाय घालून उठायला गेला नि तोंडावर पडला, सगळं गाव आठवडाभर हसत होतं. तशीच ही. तो नॉरी दर गुरुवारी सरावाला माझ्या दोन पायांमधून चेंडू काढायचा. दर गुरुवारी! आणि काढला की परत येऊन माझ्या टकलाचा मुका घ्यायचा. सगळे लोळायचे हसून. मी चौतीसचा, गुडघ्यांत वाळू भरल्यासारखी, आणि मला हसायचे. आता मी लोकांना हसवतो ते वेगळं नि लोक मला हसतात ते वेगळं, हे तुला पटेल. म्हटलं, त्या तपकिरी कोटापुढं एकदा ढुंगणावर आपटू दे पोरगं. एकदाच. सगळे हसतील, तोही हसेल, मग मी म्हणेन, बेट्या, आज डॉडनं अडवलं की नाही तुला? शुक्रवारी अंधार पडायच्या आत एक बादली ओतली. बाकीचं काम थंडीनं केलं. स्ट्रेचरचं एक टोक माझ्याच हातात होतं. तो ओरडत नव्हता, गुडघ्याकडं बघतही नव्हता — हात खाली सोडून तळव्यानं गवत चाचपत होता. आम्ही उचललं तरी हात खालीच. मी म्हटलं, झोप रे, हात वर घे. घेतला नाही.

चारशे बारा सामन्यांत मी खरोखर अडवलेला विंगर एकच, आणि तो आमच्याच संघातला.

हे इशबेललाही सांगितलं नव्हतं. तुला का सांगितलं? तू बोलत नाहीस म्हणून. बोलणाऱ्या माणसापुढं मी कधीच सापडत नाही. नॉरीला नंतर एकदाच बघितला, ॲबर्डीनला बसच्या थांब्यावर, काठी टेकून उभा. मी रस्ता ओलांडला. पलीकडं काही काम नव्हतं माझं, तरी ओलांडला. पावसात एका बंद दुकानापुढं उभा राहून काचेतल्या बायकांच्या टोप्या बघत बसलो, त्याची बस जाईपर्यंत.

आणि काल — काल मला गोलच्या तोंडाशी ओतायचं होतं. तिथं बर्फ दिसला की कुठलाही रेफ्री सामना ढकलतो, पोरासोरांनाही ठाऊक आहे. बादली भरली, उचलली, निघालो, आणि थांबून बघतो तर इथं. याच कोपऱ्यात. पाय आपोआप आले. दुसरी भरली, पुन्हा इथंच. चार बादल्या, चारही इथं. पाचवीला खांदा उचलेना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं मी अंगण स्वतःच्या हातानं वाकडं केलं, तेही भलत्या कोपऱ्यात. आणि ऊन बघ कसं पडलंय! ऊनसुद्धा क्रॉम्बीच्या बाजूनं. बाकीचं सगळं मऊ आहे, कळतंय मला, बूट रुतताहेत माझे.

तरी म्हणतो, ढकल. चारच दिवस. जिंकू असं म्हणत नाही, बुधवारीही हरूच, इनिस काही देव नाही. मी जन्मभर एवढंच केलंय, पोरी — समोरून लोंढा आला की चेंडू स्टँडवरून पार समुद्रात मारायचा. तो काढून आणेपर्यंत दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत काय होतं? काही नाही. माणूस कमरेवर हात ठेवून श्वास घेतो. मग चेंडू येतो, समोर तोच विंगर. पण ती दोन मिनिटं असतात ना! एकदा मारू दे समुद्रात. शेवटचं. कुणाला कळणार आहे?

वहीत काय लिहितेस? बोल काहीतरी. निदान नाव तरी सांग, मॅकफीच्या जागी एक पोरगी येतेय एवढंच कळवलंय मला त्यांनी. कुणाची गं तू?

"आयली बुकन, नॉरी बुकनची. निघताना बाबा म्हणाले, आधी उजव्या कोपऱ्यात जा, बादलीएवढा बर्फ असेल. बर्फ वितळवायला मीठ गाडीत आहे, मिस्टर गेडिस. सामना तीनला."