एक इंच वजा

या समारंभाच्या अध्यक्षा आणि आम्हा सगळ्यांना काम देणाऱ्या मार्लिस होकान्सन बाई, व्यासपीठावर बसलेले पास्टर लिंडग्रेन, ज्यांना निरोप द्यायला आपण चर्चच्या या तळघरात जमलो ते हार्लन आणि ऑर्विल स्कोग्लंड हे सुतार बंधू, आणि कॉफीच्या टाकीजवळ उभं राहून माझं भाषण किती लांबणार याचा अंदाज घेणारे तमाम कारागीर मित्रहो,

सुतारांच्या निरोपाला रंगाऱ्यानं बोलावं, हे जरा उलटंच झालं. पण सुताराचं काम रंगाऱ्याइतकं जवळून दुसरं कोण बघतं? त्यांचे सांधे उघडे राहिले की पुट्टी आम्हीच भरायची. या दोघांच्या मागून मी अख्ख्या दुलुथ शहरात रंग दिला आणि पुट्टीचा डबा बहुतेक वेळा तसाच परत नेला. आमची बायको डोरीन म्हणते, "त्या स्कोग्लंडांनी तुला आळशी करून ठेवलाय, आर्लो." समोरच बसली आहे, विचारा तिला.

नव्या साइटवर हार्लनची सकाळ ठिय्या मांडण्यात जायची. घडीचा स्टँड उघडायचा, त्यावर मायटर सॉ, म्हणजे कोनात कापणारी करवत, चढवायची, पायांखाली पाचरी सारायच्या, दोन्ही बाजूंचे आधार करवतीच्या पाटाशी एका पातळीत आणायचे, म्हणजे दाराखिडक्यांच्या कडेला मारायची लांब पट्टी कुठं लोंबायला नको. मग एक फळकूट कापायचं, त्यातला एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला भिडवायचा आणि सांध्यातून उजेड दिसतो का ते बघायचं. दिसला, की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. आम्ही ओरडायचो, "अरे हार्लन, काम करायला आलायस की राहायला?" तो म्हणायचा, "तू तुझा ब्रश धू."

ऑर्विल आतल्या खोलीतून माप ओरडायचा. "साडेतेहतीस, जड!" जड म्हणजे रेघ राखून काप, हलकं म्हणजे रेघ खाऊन काप. हार्लन तेच माप उलट ओरडणार आणि मगच करवत खाली येणार. एकमेकांचं तोंड न बघता दोघा भावांनी अशी घरंच्या घरं सजवली.

आता ऑर्विलची एक सवय सांगतो. टेपच्या टोकाची आकडी ढिली असते, तिचा भरवसा नाही, म्हणून तो एक इंचाच्या रेघेपासून माप धरायचा आणि मनातल्या मनात तो इंच वजा करून आकडा सांगायचा. काटेकोर सुतार करतात तसं. तीन हिवाळ्यांपूर्वी पट्ट्या एक इंच लांब यायला लागल्या.

लांब पट्टी पुन्हा कापता येते. हार्लन गुपचूप आपणच इंच वजा करू लागला. पण ऑर्विलला मधूनच आठवायचं, मग तोही वजा करायचा, आणि पट्टी आखूड. आखूड पट्टीचं काय करणार? आकड्यावरून तर कळायला मार्ग नाही, की इंच गेलाय की राहिलाय.

मग ठिय्या सरकायला लागला. गॅरेजमधून पडवीत, पडवीतून दाराशी आणि शेवटी ऑर्विलच्याच खोलीत. मंडळी, माझ्या ओल्या रंगावर सगळा भुसा! मी तापलो. "का रे बाबा, गॅरेज भाड्यानं दिलंस का?" हार्लन मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, "तिथून त्याचं तोंड दिसतं. वजा करताना तो ओठ हलवतो. हलले नाहीत, की मी वजा करतो."

मी म्हटलं, "अरे, मग घरी बसव ना त्याला."

"घरी बसून तो काय करेल, आर्लो? इथं निदान टेप हातात धरली की आपण कोण ते त्याला कळतं."

खिळे मारायची बंदूक त्यानं आधीच काढून घेतली होती, बिघडली आहे म्हणून. मार्लिस बाईंनाही सगळं कळलं होतं. त्यांनी एवढंच केलं, या दोघांना घाईचं काम देणं बंद केलं. बाई, तुमचे आभार शेवटी मानायचे होते, पण आत्ताच मानतो.

शेवटचं काम झालं ते या वसंतात, सरोवराकाठच्या एका घरात. मी खिडकी घासत होतो. ऑर्विल टेप घेऊन ठिय्यापाशी आला, हार्लनसमोर उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "माफ करा हं, इथं कापतं कोण? माझा भाऊ कुठं दिसत नाही."

हार्लननं करवतीचा दांडा धरला. मग म्हणाला, "आज मी आहे. बोला, किती?"

"साडेएकोणतीस, हलकं."

ओठ हलले होते. मीसुद्धा बघितलं. हार्लननं माप परत म्हटलं, कापलं, पट्टी दिली. दाराच्या चौकटीला ती अशी बसली, की मध्ये कागद जाणार नाही. ऑर्विल परत आला. "छान कापता हो तुम्ही. अगदी माझ्या भावासारखं. तो भेटला तर सांगा, मी वाट बघतोय."

"सांगतो," हार्लन म्हणाला.

त्याच दुपारी त्यानं पाचरी काढल्या आणि स्टँडची घडी घातली. लोक मला विचारतात, हार्लन चांगला धडधाकट आहे, मग काम का सोडतो? मीही त्याला तेच विचारलं होतं. म्हणाला, "आता तो मला दिवसभर शोधणार. मी कामावर असलो तर त्याला सापडणार कसा?" मला वाईट वाटतं, मंडळी. फार वाईट वाटतं. ऑर्विल समोर बसून हसतोय, कारण ही गोष्ट दुसऱ्याच कुणाची आहे असं त्याला वाटतंय.

ज्या बायकांनी सकाळपासून राबून एवढं जेवण रांधलं, त्यांचे आभार. आजाराचं बोलायचं नाही असं हार्लननं मला बजावलं होतं. मी बोललो. रागाव बाबा, पण मोठ्या मनानं घे. बाकी कुणावर माझ्या बोलण्याचे शिंतोडे उडाले असतील, तर रंगारी म्हणून सांभाळून घ्या.

मघाशी जेवताना ऑर्विलनं मला हळूच विचारलं, "हा निरोप कुणाचा आहे?"

म्हटलं, "दोघा सुतार भावांचा."

"चांगले होते का?"

"फार चांगले."

"मग थांबतो मी," तो म्हणाला. "टाळ्या वाजवायला माणसं हवीत."

ऑर्विल, वाजव आता. आम्हीही वाजवतो.