गेअरबॉक्सातलं तेल

लाखनीच्या ऑइलच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"गवत कापायच्या मशीनचं गेअर ऑइल द्या भाऊ," नवरा म्हणाला.

"जाड का पातळ?" दुकानदारानं विचारलं.

"जुनं तर मी नालीत ओतून देलं."

"न पाहताच ओतलं! अन वरून इंजिनचं तेल भरलं यायनं. आता इंजिन चालू होते, पण चाकं हलत नाही."

"रत्नमाला, चूप बस ना."

"काहून चूप बसू? विहाराचं गवत विळ्यानं कापून झालं असतं आतापर्यंत!"

"मशीन अतुलनं पाठवली. उद्या येऊन राहिला तो."

"मंग?"

"त्याले वाटू नये, का बापाले जमलं नाही."

तिनं मोबाइल काढून दुकानदारापुढे धरला.

"भाऊ, मशीनवरच्या नंबराचा फोटो आणला मी. पाहून द्या. अन भरायचं कसं, ते मले सांगा."