ऑक्टोपसणीने गिळलेली गोळी

(दक्षिण कोरियातलं जेजू बेट. किनाऱ्यावर काळ्या दगडांचा गोल आडोसा, मधे शेकोटी. बुडी मारून शंख काढणाऱ्या बायका इथेच कपडे बदलतात. म्योंगजाआजी आणि तिच्या हाताखाली शिकणारी दाऊन सोडून अजून कुणी आलेलं नाही.)

म्योंगजा : …कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण त्या एका ऑक्टोपसणीपायी या खाडीत वर्षभर ऑक्टोपसचं पिल्लू म्हणून दिसलं नव्हतं!

दाऊन : आजी, गोष्ट नंतर. हंगामाचा पहिला दिवस आहे, मला तयार होऊ द्या.

म्योंगजा : हो की. आत्ता उठताना भिंत का धरलीस ते सांग, मग हो तयार.

दाऊन : चक्कर आली जरा. त्या गोळीने येते.

म्योंगजा : कुठल्या?

दाऊन : कंडोम फाटला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, दिवस जाऊ नयेत म्हणून गोळी आणली. गेल्या महिन्यात शेवाळ काढायला गेलो तेव्हा धक्क्यावर तुमच्यासमोरच तर घेतली.

म्योंगजा : ती? अगं बाई! मला वाटलं, मळमळू नये म्हणून घेतेयस. पाण्यात जायच्या आधी आम्ही सगळ्याच काही ना काही गिळतो, कोण कुणाला विचारतंय! वर मीच म्हटलं, चल, उतर लवकर.

दाऊन : उतरले की.

म्योंगजा : उतरलीस, आणि तासाच्या आत भडाभडा ओकलीस. मी हसले, म्हटलं आज माशांची मेजवानी. डॉक्टर काही बोलले नव्हते?

दाऊन : म्हणाले होते, दोन-तीन तासांत उलटी झाली तर फोन कर, परत गोळी घ्यावी लागेल. पण ती उलटी लाटांनी झाली होती, आजी. गोळीने नाही. मग कशाला करू फोन?

म्योंगजा : लाटेने ओकलं की गोळीने, हे पोटाला कसं कळायचं? पाळी आली का?

दाऊन : लांबलीय. म्हणजे गोळी लागू पडली ना? पाळी पुढेमागे होईल असं सांगितलंच होतं. कधी लवकर, कधी उशिरा, मधेच डाग.

म्योंगजा : किती लांबली?

दाऊन : आठवड्याच्या वर.

म्योंगजा : माझ्या सुनेने घेतली होती तेव्हा डोकं दुखलं, छाती दुखली, दोन दिवस आडवी पडली. तिसऱ्या दिवशी माझ्याशी भांडायला उभी. तुझी चक्कर आजवर टिकलीय. ही त्या गोळीची नाही, दाऊन. जा, तपासून घे.

दाऊन : उद्या. आज उतरले नाही तर यंदा मला बुडी मारणाऱ्या बायकांच्या मंडळात घेणार नाहीत. दोन वर्षं उथळ पाण्यात काढली मी. पोरीला सासूकडे टाकून यायचे. आज मी उतरणारच.

म्योंगजा : आणि खाली डोळ्यांपुढे अंधारी आली तर?

दाऊन : नाही येणार.

म्योंगजा : बरं. मग माझी ती ऑक्टोपसणीची गोष्ट तरी ऐकून उतर. माझ्या लग्नाच्या वर्षी मीही तीच गोळी घेतली, आणि तुझ्यासारखीच समुद्रात ओकले. गोळी गेली तळाला. तिथे एक ऑक्टोपसण बसली होती, तिने ती मटकावली. झालं! तिची पाळी लांबली.

दाऊन : ऑक्टोपसला पाळी?

म्योंगजा : मधे बोलू नकोस. शेजारणी म्हणाल्या, जाऊन तपासून ये. तर म्हणते कशी, उद्या जाईन, आज हंगामाचा पहिला दिवस आहे.

दाऊन : आजी…

म्योंगजा : आठ हात, पण एकानेही भिंत धरेना. बिळातून निघाली, चक्कर आली, ती थेट माझ्या जाळ्यात.

दाऊन : मग?

म्योंगजा : मग काय! लाल तिखट लावून खाल्ली. नवऱ्याने दोनदा भात मागून घेतला.

दाऊन : …तुमच्या लग्नाच्या वर्षी?

म्योंगजा : त्याच वर्षी.

दाऊन : आजी, तेव्हा तुमच्या गावात वीज नव्हती, असं तुम्हीच सांगता. ही गोळी कुठून आली? जगात तरी होती का तेव्हा? सगळी थाप आहे ही, मला दवाखान्यात धाडायला मारलेली. थाप असली तरी चक्कर खरी आहे; जाते मी तपासायला. पण त्या बाकीच्या आल्या की त्यांना मात्र खरं तेच सांगा. दाऊन आज उतरत नाही.