हर्षाचा हात

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. घरातली सगळी मिठागरात, आजोबा, बाबा, आई, आणि शाळेला सुट्टी लागली की मी पण तिथंच, फळीनं मीठ ओढायचं, टोपली डोक्यावर घ्यायची नि बांधावरनं चालायचं. आता तू म्हणशील, बाय, मीठ कुठं नि बेसबॉल कुठं. मला तरी कुठं माहीत होतं. आठवीला पेणच्या शाळेत गेले तर तिथले खेळाचे सर एक जुना मास्क नि जाडजूड ग्लोव्ह घेऊन आले, म्हणाले बॅटरच्या मागं बसायला कोण तयार हाय. कोणच नाय. पोरींना बॅट पाहिजे, नायतर चेंडू फेकायला पाहिजे, मागं उकिडवं बसून दुसरीनं फेकलेला झेलायचा नि परत तिलाच द्यायचा, हे कुणाला पाहिजे. मी म्हटलं मी बसते. मला सवय, आमच्याकडं मासळी साफ करा नायतर भांडी घासा, सगळं उकिडवंच. घरी सांगितलं तर आई म्हणाली, दिवसभर बसायचंच हाय तर मिठागरात बस की गो मने, मजुरी तरी मिळंल.

त्या जागेला कॅचर म्हणतात. पुढं पंधरा-सोळा वर्षं मी तिथंच बसले, त्यातली बरीच पगार घेऊन. काय सांगू तुला, ती जागा वेगळीच. बाकीच्या सगळ्या जणी बॅटरकडं बघतात, कॅचर एकटी त्यांच्याकडं तोंड करून बसते. कोण दमलीय, कोण घाबरलीय, कोणाचं लक्ष प्रेक्षकांत हाय, सगळं दिसतं. सांगायचं नाय कुणाला, फक्त बघायचं.

हर्षा रोह्याची, म्हणजे अष्टमीची, पुलापलीकडली. तिचे वडील कंपनीत शिफ्टला. ती पिचर, चेंडू फेकणारी. जिल्ह्याच्या संघात आम्ही एकत्र आलो, ती रोह्यावरनं एसटीनं सरावाला पेणला यायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, मिठागरवाली ना तू, तुझ्या हातात चेंडू खारट होत असंल. मी म्हटलं, तू फेक तर खरी, मग चव सांगते. तिनं फेकला, नि माझा तळहात असा झिणझिणला की बोलायचं राहूनच गेलं. लांबनं हसत उभी, सांग ना गो चव.

मग आमची जोडीच झाली. कॅचरनं गुडघ्यांच्या मध्ये बोटांनी खूण करायची, आता सरळ टाक, आता वळव, नि पिचरनं ऐकायचं. हर्षा कुठली ऐकते. ती मान हलवून नाय म्हणायची, मी परत तीच खूण करायची, ती परत नाय. भर मैदानात आमचं भांडण चालायचं आणि एक शब्द तोंडातनं निघायचा नाय. तिच्या घरी जेवले, ती आमच्याकडं राहिली, आई तिला म्हणायची, तू तरी हिला सांग, लग्नाचं बघू दे आम्हाला.

मग एका सरकारी खात्याला पोरींचा संघ करायचा होता. त्यांच्या कोच मॅडम निवडायला आल्या, म्हणाल्या पिचर नि कॅचर मी जोडीनंच घेते. म्हणजे लागलो तर दोघी, कायमची नोकरी. हर्षाच्या वडलांची कंपनी तेव्हा बंद पडायच्या बेतात होती, तिला ती नोकरी माझ्यापेक्षा जास्त पाहिजे होती, हे मला ठाऊक होतं.

निवडीच्या दिवशी पहिले काही चेंडू चांगले आले. मग एक आला नि मला कळलं. बघणाऱ्याला काय दिसणार नाय, वेग तसाच, पण चेंडू हातात बसताना मेल्यासारखा बसला. पुढचा पण तसाच. तिचं कोपर खाली आलं होतं, नि फेकून झालं की ती हात पोटाशी धरत होती, पदर सावरल्यासारखा. मी उठून तिच्याकडं गेले. म्हटलं, दुखतंय ना. ती म्हणाली, व्हय, कालपासनं. आजचा दिवस गप बस, तुला माझी शपथ. मी परत येऊन बसले. तिनं पुढचा फेकला नि माझ्याकडं बघितलं, नि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते सगळ्या मैदानात मलाच दिसत होतं.

तो चेंडू मी परत दिला नाय.

कॅचरनं चेंडू धरून ठेवला की खेळ पुढं कसा जाणार. सगळ्या थांबल्या. हर्षा ओरडली, दे ना गो! मॅडम म्हणाल्या, काय झालं. मी म्हटलं, तिचा हात गेलाय. बस, एवढंच बोलले.

तिला बसवलं, बर्फ लावला. मला वाटलं आता दोघी घरी. पण मॅडमकडं त्यांची आधीची एक पिचर होती, त्यांनी मला तिच्यासमोर बसवलं. नि मग मला एकटीलाच घेतलं. डॉक्टर हर्षाला म्हणाले, अजून थोडं फेकलं असतं तर खांदा कायमचा गेला असता. पण हे नंतर. गावात तोवर बोलून झालंच होतं, मनीनं मैत्रिणीचा काटा काढला. हात बरा होईपर्यंत भरती संपली, परत निघाली नाय, आणि हर्षाचं लग्न झालं.

आता मी पेणलाच रामवाडीत राहते, खात्यानं ऑफिसात टेबल दिलंय. गुडघे गेले, खाली बसता येत नाय. हर्षा भेटते, लग्नाकार्यात, बाजारात. पोरांचं, सासूचं, सगळं बोलतो. त्या दिवसाचं तेवढं नाय.

परवा रोह्याजवळ वरसेला एका हळदीला गेले, तिथं ती पोळपाट घेऊन बसलेली. भराभर लाटत होती, हात छान चालत होता. मी बघत राहिले. तिनं वर बघितलं नि म्हणाली, काय बघतेस गो, चालतोय हात. मी म्हटलं, तेच बघतेय. तर लाटता लाटता म्हणाली, चेंडू दिला असतास तर? मी म्हटलं, हर्षा, हात कायमचा गेला असता. ती म्हणाली, गेला असता. माझा होता ना पण तो.

तिनं एक पोळी माझ्याकडं सरकवली, म्हणाली तव्यावर टाक, उभ्यानं जमंल तुला. मी टाकली. ती लाटत राहिली, मी भाजत राहिले.

चुकीचं नाय बोलली ती. आणि तू विचारतेस म्हणून सांगते, आज परत त्या जागी बसवलंस तरी मी तो चेंडू देणार नाय. तिचा हात असाच चालत राहू दे म्हणजे झालं.