मागच्या खोलीची रेंज

रांगेत मागे उभ्या असलेल्या नर्सबाईंना ड्यूटीवर जायला वीस मिनिटं उरली होती, आणि पुढचं म्हातारं जोडपं गुळाला मुंगळे चिकटावेत तसं दुकानाच्या काउंटरला चिकटलं होतं. समोर वायफायची रेंज वाढवणारा डबा होता.

"हा चालत नाही," आजी म्हणाल्या.

"कुठे लावलाय?" दुकानदाराने विचारलं.

"अंगणापलीकडच्या खोलीत. हे तिथे दिवसभर जुनी घड्याळं उघडून बसतात."

"तिथे मुळात रेंज येते का?"

"येत असती तर डबा कशाला घेतला असता?"

"आजी, डब्यालाच रेंज मिळाली नाही तर तो पुढे काय देणार? अर्ध्या वाटेवर लावा. स्वयंपाकघराच्या खिडकीत."

"मला नकोच आहे तो," आजोबा म्हणाले. "घड्याळांना वायफाय लागत नाही."

"तिथे कॅमेरा लावायचाय, त्याला लागतं. मागच्या महिन्यात तिथे पडले होते हे."

"पडलो नव्हतो. स्क्रू शोधत होतो."

"दोन तास?"

"बारीक होता."

"आणि हाका स्क्रूला मारत होतात?"

आजोबांनी डब्याची वायर गुंडाळायला घेतली.

"तू ऐकल्यास?"

"शेजारणीने ऐकल्या. माझा मिक्सर चालू होता."

वायर गुंडाळून झाली, तरी ते ती पुन्हा गुंडाळत राहिले.

"कॅमेऱ्यातून बोलता येतं का हो?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"येतं की. दोन्हीकडून."

"मग एक द्या. मिक्सर चालू असला तरी हिला ऐकू जाईल असा."